मांद्र्यात बायकांचा फुटबॉल सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू?

मांद्र्याची_सून

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यातल्या किंवा एकूणच गोव्यातल्या जाणकारांकडून सल्ला हवाय.

माझी मुलगी संध्याकाळी फुटबॉलच्या सरावाला जाते. मुलींना सोडायला येणाऱ्या आम्ही आठ-नऊ जणी तासभर मैदानाच्या बांधावर बसून असतो. आता आम्हालाच खेळायचंय. वय तीस ते पन्नास. दोघी-तिघी शाळेत खो-खो, कबड्डी खेळलेल्या, बाकीच्यांनी लग्नानंतर पळणं म्हणजे बस पकडायला तेवढं. झुंबा किंवा चालण्याचा ग्रुप सुचवू नका प्लीज, ते करून झालंय. आम्हाला चेंडू हवाय, दोन बाजू हव्यात, गोल हवेत.

प्रश्न असे: किनाऱ्यावर खेळावं की मैदानावर? कोच लागेल का? नोंदणी, परवानगी वगैरे काही असतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे महिन्याभरात बंद पडू नये म्हणून काय करायचं?

---

जुई

वा! मस्त धागा. वाचतेय.

---

पेडण्याचा_पात्रांव

अभिनंदन ताई. आमच्या हिला दाखवला धागा. तिचा पहिला प्रश्न, "बांधावर बसून मुलांकडे बघायला मग नवरे येणार का?" मी हो म्हणून बसलोय.

---

फोंडेकर

मी बरीच वर्षं मुलींच्या टीमबरोबर आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. खेळ टिकवायचा तर पुढे स्पर्धा दिसली पाहिजे. नुसतं "मजा म्हणून" जमलेलं मंडळ पहिल्या पावसात विरतं. तीन महिन्यांनी एखादी गावची फाइव्ह-अ-साइड (एका बाजूला पाच जणी) स्पर्धा ठरवा, त्या तारखेकडे बघून सराव करा. पुढे टीम उभी राहिली तर गोवा फुटबॉल असोसिएशनकडे महिलांच्या स्पर्धांची चौकशी करा.

गोव्याला हे नवीन नाही. १९८० मध्ये कालिकतला महिलांची आशियाई स्पर्धा झाली, भारत उपविजेता ठरला. त्या काळात योलांडा डिसोझा ही आपली गोव्याची खेळाडू भारताकडून खेळत होती, पुढे चित्रकार म्हणूनही तिचं नाव झालं. आज करिष्मा शिरवोईकर भारताकडून खेळलीय. हे मुलींना माहीत असतं, आयांना नसतं.

---

जुई

फोंडेकर दादा, स्पर्धेच्या मुद्द्यावर माझा अनुभव नेमका उलटा आहे.

आमचा तिसवाडीत पंधरा-सोळा जणींचा ग्रुप होता. छान चालला होता. मग कुणीतरी एका स्पर्धेत नाव दिलं. त्या दिवसापासून सराव म्हणजे निवड झाली. कॉलेजच्या पाच चपळ मुली आत, चाळिशीच्या बायका पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बाहेर. स्पर्धेत दोन मॅच जिंकलो, फोटो पेपरात आला, आणि पुढच्या आठवड्यात मैदानावर सहा जणी उरल्या. ज्या बाहेर बसल्या त्या परत आल्याच नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त "आज जमत नाही गं" असे मेसेज.

मांद्र्याची_सून ताई, पहिलं वर्षभर कुठेही नाव देऊ नका. आपापसात खेळा.

---

फोंडेकर

जुई, ही चूक स्पर्धेची की टीम लावणाऱ्याची? आमच्याकडे साधा नियम आहे: सरावाला आलेली प्रत्येक जण मॅचमध्ये निम्मा वेळ तरी मैदानात. हरलो तरी चालेल. हा नियम आधी तोंडावर सांगायचा, मगच नाव द्यायचं.

---

जुई

हा नियम आम्हाला कुणी सांगितला असता तर आज मी तुमच्याविरुद्ध खेळत असते. :)

---

फिजिओ_ताई

वर्षभर, तीन महिने हे नंतर ठरवा. आधी गुडघे.

बायकांमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल हा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण पुरुषांच्या दोन-तीन पट आहे. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पळता पळता थांबून वळताना, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो आणि होतं. यावर उपाय फुकट आहे. 'फिफा ११ प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण वीस मिनिटांचा, व्हिडिओ नेटवर आहेत. हळू पळणं, प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॉट, मग उड्या. नेमाने करणाऱ्या टीममध्ये दुखापती लक्षणीय कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. सगळ्या जणी हा भाग टाळतात आणि थेट चेंडूवर धावतात. कृपा करून टाळू नका.

दुसरं, जे कुणी मैदानावर बोलत नाही. मुलं झालेल्या बायकांना पळताना, उडी मारताना लघवीचे थेंब जातात. त्या गप्प राहतात आणि खेळ सोडतात. ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामाने यात बहुतेकींना फरक पडतो, फिजिओला दाखवा, लाजू नका. बाळंतपणाला तीन महिने व्हायच्या आत पळायला सुरुवात करू नका. सिझर असेल तर आणखी सावकाश.

आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या. बुटांच्या आधी.

---

मांद्र्याची_सून

फिजिओ_ताई, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. पाच मिनिटं शांतता आणि मग एकामागून एक चौघींनी "मलाही" लिहिलं. एवढी वर्षं शेजारी राहतो, हे एकमेकींना माहीत नव्हतं.

---

सत्तरीवाला

माझं मत थोडं वेगळं. आपला वेळ आणि पैसा मुलींवर घालावा. आयांनी त्यांना सरावाला पोचवलं, टीमसाठी बस केली, खाणं बघितलं तरी पुष्कळ. पंचेचाळिशीत पाय मोडून घेण्यात काय अर्थ? शिवाय गावात चर्चा होतेच, ते नाकारून चालणार नाही.

---

शिट्टी

सत्तरीवाले काका, मी पंच आहे, शाळेच्या मुलींच्या मॅचेस घेते. आठवी-नववीत मुली धडाधड गळतात, हे मी दर मोसमात बघते. पाळी सुरू होते, ट्यूशन सुरू होते, घरून "आता पुरे" येतं. हे "पुरे" बहुतेक वेळा आई म्हणते, कारण तिलाही त्याच वयात कुणीतरी म्हटलेलं असतं. जी आई स्वतः संध्याकाळी मैदानात उतरते ती मुलीला कशी थांबवेल? म्हणून मला यात आया की मुली असं वाटपच पटत नाही.

आणि ज्यांना खरोखर पळायचं नाही त्यांच्यासाठी: शिट्टी घ्या! पंचांची गरज प्रत्येक गावात आहे, त्यात बायका मोजक्याच. आपल्या ऊवेना फर्नांडिस आधी स्वतः फुटबॉल खेळायच्या, मग पंच झाल्या आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात सहाय्यक पंच होत्या. लाइनवर झेंडा घेऊन धावणं, वेळ लावणं, स्कोअरशीट लिहिणं, हे सगळं खेळात असणंच आहे. मी वयाच्या पस्तिशीत शिकले. पहिल्या मॅचला ऑफसाइड दिला तर एक आजोबा कुंपणावरून ओरडले, "बाय, तुका कळटा?" मी म्हटलं, "कळटा, म्हणून दिला." नंतर तेच आजोबा प्रत्येक मॅचला माझ्यासाठी पाणी आणतात.

---

सत्तरीवाला

शिट्टी ताई, गळतीचा मुद्दा पटला. तसा विचार केला नव्हता. चर्चेचा मुद्दा मात्र राहतो, छोट्या गावात घरातली मोठी माणसं दुखावतात.

---

काणकोणकार

त्याला उपाय गावातच आहे. तुमच्या वाड्यावर चवथीचं, म्हणजे गणपतीतलं, फुगडीचं पथक असेल ना? आमच्याकडे तिथूनच सुरू झालं. फुगडीच्या तालमीला बायका रात्री नऊलाही घराबाहेर पडतात, कुणी काही म्हणत नाही, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आम्ही तेच पथक, तीच वेळ, तोच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घेतला आणि चवथ झाल्यावर त्यात चेंडू आणला. घरच्यांना वेगळी परवानगी मागावीच लागली नाही. शिवाय फुगडीवाल्यांचा तोल आणि दम काय असतो ते बघाच. आमची सगळ्यात चांगली डिफेंडर म्हणजे बावन्न वर्षांची फुगडीची म्होरकी. तिला वळवून पुढे जाणं अवघड.

धालोच्या, म्हणजे बायकांच्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या, दिवसांत मात्र सराव बंद ठेवतो. तेव्हा मांडावरच जायचं असतं.

---

मांद्र्याची_सून

काणकोणकार, हे डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या वाड्यावर पथक आहे आणि त्यातल्या निम्म्या या बांधावरच्याच. आज संध्याकाळी बोलते.

आता जागेचं कुणीतरी सांगा. किनारा पाच मिनिटांवर आहे, पण शाळेच्या मैदानाला मुख्याध्यापकांची परवानगी लागेल.

---

गोलपोस्ट

किनारा! वाद नको. बीच फुटबॉलमध्ये एका बाजूला गोलकीपर धरून पाचच जणी, अनवाणी खेळायचं म्हणून बुटांचा खर्च नाही, बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. म्हणजे दमली की बाहेर, दम आला की आत. मॅच बारा-बारा मिनिटांचे तीन भाग. मैदान साधारण ३६ मीटर लांब, २७ रुंद. नव्या बायकांसाठी याहून सोयीचा खेळ नाही. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत बीच फुटबॉलही होता, तेव्हा हा टाइमपास समजू नका.

फक्त पहिल्या दिवशी पूर्ण वेळ खेळू नका. वाळूत पळायला टणक जमिनीच्या दीडपट शक्ती लागते. पोटऱ्या दोन दिवस बोलतात.

---

फिजिओ_ताई

पोटऱ्या आणि टाचेमागची शीर, दोन्ही. ज्यांची टाच सकाळी उठल्यावर दुखते त्यांनी मऊ वाळू टाळावी, ओल्या टणक वाळूवर खेळावं.

---

रापणकार

ओली टणक वाळू पाहिजे तर घड्याळाआधी तिथी बघा. आम्ही रापणीवाले, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे, हेच बघत जगतो.

आपल्या बाजूला अवसे-पुनवेला सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. त्या दिवसांत पाणी लांबवर जातं, सपाट घट्ट पट्टा मिळतो. रोज ही वेळ पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे अष्टमीला उलटं, संध्याकाळी पाचला पाणी वर चढलेलं, आणि तुम्हाला खेळायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. म्हणून त्रयोदशी ते तृतीया संध्याकाळी किनारा, अष्टमीच्या आसपास शाळेचं मैदान, असं वाटून घ्या. सकाळी खेळणाऱ्यांना तृतीया-चतुर्थीला सहा-सातला सुकती मिळते. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते मोबाइलमध्ये ठेवा.

आणखी तीन गोष्टी. रापण ओढताना त्या पट्ट्यात यायचं नाही, दोरावर पाय द्यायचा नाही. होडीला टेकून कपडे ठेवायला हरकत नाही. चेंडू पाण्यात गेला तर त्याच्यामागे जायचं नाही, लाट आणून देते, नाही आणला तर गेला. पावसाळ्यात किनारा नकोच, लाल बावटे असतात ते उगीच नाही.

---

पेडण्याचा_पात्रांव

रापणकार दादा, म्हणजे सुकतीला खेळायचं आणि फॉर्मला भरती आणायची!

---

जुई

रापणकार, ही माहिती सोन्यासारखी आहे. एवढी वर्षं मिरामारला फिरते, कधी तिथी बघितली नव्हती.

अवांतर: किनाऱ्यावर राहूनही आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं? मला येत नाही. माझ्या आईला नाही, सासूला नाही. दुसरीकडे, दिवाडीला बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या होडीवरून नौदलाच्या सहा जणी २०१७ मध्ये याच मांडवीतून निघून जगाला वळसा घालून २०१८ च्या मे महिन्यात परत आल्या. वर्तिका जोशी कॅप्टन होत्या. २०२४ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि २०२५ च्या मेमध्ये पोचल्या. समुद्र पायाशी असून आम्ही गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो नाही. त्यावर वेगळा धागा काढावा का?

---

काणकोणकार

काढाच. पोहण्याच्या धाग्याला माझं पहिलं नाव.

---

आगोंदची_माय

किनाऱ्याबद्दल एक विसरू नका. मोरजी, आश्वे, मांद्रे, इकडे आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री मोठे दिवे लावून खेळायचं नाही, प्रकाशाने मादी परत फिरते, पिल्लंही समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. काळोख पडायच्या आत आवरायचं. वाळूत पाडलेले खड्डे बुजवायचे, रोवलेलं उपटायचं. वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्याजवळ फिरकायचं नाही.

आमचा गोल म्हणजे माडाची दोन चुडतं. जाताना उचलून चुलीला. चार-पाच जणी रोज खेळायला याची कुणी परवानगी विचारली नाही, पण स्पर्धा भरवायची झाली, मंडप-माइक आला, की पंचायत, पर्यटन खातं, पोलीस सगळीकडे अर्ज करावा लागतो.

---

गोलपोस्ट

दिव्यांचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. धन्यवाद आगोंदची_माय. मी फ्लडलाइट भाड्याने घ्या असं लिहिणारच होतो.

---

स्नेहल_म्हापसा

कुणी शौचालयाबद्दल बोललं नाही म्हणून बोलते. आम्हाला एका शाळेने मैदान दिलं, पण शौचालयाला कुलूप. किल्ली शिपाईदादांकडे, ते चारला घरी. पाळीच्या दिवसांत कुणी येईना. पत्र दिलं, परत पत्र दिलं, उत्तर नाही. शेवटी मैदानासमोरच्या एका मावशींनी आपलं न्हाणीघर उघडं ठेवलं, आणि मग मावशी स्वतःच गोलकीपर झाल्या. तुम्ही मैदान मागाल तेव्हा त्याच अर्जात किल्ली मागा. नंतर मागितली की मिळत नाही.

किनाऱ्यावर दुसरा त्रास: पर्यटक मोबाइल काढून शूटिंग करतात. आम्ही एकीला बाहेर ठेवतो, ती सरळ जाऊन सांगते. दोघी-तिघी गेल्या की बहुतेक जण मोबाइल खिशात घालतात. जवळ जीवरक्षक असतील तर त्यांच्याशी आधी ओळख करून ठेवा.

---

सत्तरीवाला

फातोर्ड्याला २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या सेमीफायनल बघायला मी नातीला घेऊन गेलो होतो. कोलंबिया-नायजेरिया, शून्य-शून्य, पेनल्टीवर गेली. नात तेव्हापासून खेळते. तिची आई, म्हणजे माझी सून, त्या दिवशी माझ्याहून जास्त ओरडत होती हे आज हा धागा वाचताना आठवलं. तिला विचारतो खेळणार का.

---

शिट्टी

काका, विचारा आणि इथे सांगा. वाळपईला पंच हवी असेल तर मी येते.

---

मांद्र्याची_सून

अपडेट. काल पहिल्यांदा जमलो. बारा जणी आल्या, फुगडीच्या पथकातल्या सात. कोच नव्हता, मुलीच आमच्या कोच. वॉर्म-अपचा व्हिडिओ एकीने दगडाला टेकवून ठेवला आणि तो पूर्ण केला, फिजिओ_ताई, शप्पथ. एका पायावर उभं राहायला सांगितलं तेव्हा निम्म्या एकमेकींना धरून हसत पडल्या.

मग सहा-सहा. नियम एकच ठेवला, प्रत्येकीचा चेंडूला पाय लागल्याशिवाय गोल मोजायचा नाही. हे माझ्या लेकीचं डोकं. त्यामुळे ज्या कोपऱ्यात उभ्या राहतात त्यांना शोधून पास द्यावा लागला. सुलू काकी साडी खोचून आली होती, दहा मिनिटांनी घरी गेली आणि मुलाची ट्रॅक पँट घालून परत आली. पुढच्या वेळी बाकीच्यांनी काय घालायचं हा प्रश्न तिथेच सुटला.

सासूबाईंनी विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस. सांगितलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी नको, मला देवळात जायचं असतं, पोरांना कोण बघणार. म्हणून वार बदलला. सोमवार, गुरुवार, पाच ते सहा.

---

फोंडेकर

सगळ्यांचा पाय लागल्याशिवाय गोल नाही, हा नियम उद्याच आमच्या मुलींना लावतो. लेकीला शाबासकी द्या. स्पर्धेबद्दल जुईचं ऐका, घाई करू नका. पण सहा महिन्यांनी आमच्या फोंड्याच्या आया आणि तुमच्या मांद्र्याच्या, एक मैत्रीपूर्ण मॅच ठेवू. सगळ्या खेळतील, कप नाही, नंतर एकत्र जेवण.

---

जुई

या मॅचला मी पण येणार. तिसवाडीच्या ज्या उरलोत त्या कुठल्या बाजूने खेळू तेवढं सांगा.

---

दोडामार्गची

मी सीमेपलीकडची, पण माहेर पेडण्याचं. गुरुवारी माहेरी असते. आले तर चालेल का? कधी खेळले नाही.

---

मांद्र्याची_सून

याच! येत्या गुरुवारी प्रतिपदा आहे, म्हणजे रापणकार दादांच्या हिशेबाने किनारा. पावणेपाचला शाळेच्या फाटकाशी या, तिथून एकत्र जाऊ. पाण्याची बाटली आणि केस बांधायला रबर आणा. आमच्याकडे चेंडू एकच आहे, तोही मुलींचा चार नंबरचा, मागून आणलेला. कुणाकडे जुना पाच नंबरचा पडून असेल तर सांगा.

---

पेडण्याचा_पात्रांव

आमच्याकडे आहे. थोडा सोललाय, हवा धरतो. हिच्याबरोबर पाठवतो. तीही येतेय.